एक्झी आहे, सोर्स कोड नाही: डिकंपायलरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एक्झी पाठवतोय, कोड काढून द्या" अशा एका ओळीच्या मेलला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हे पान. (एक्झी म्हणजे विंडोजवर थेट चालणारी प्रोग्रामची फाइल, सोर्स कोड म्हणजे ती ज्यातून तयार झाली तो माणसानं लिहिलेला कोड.) प्रश्न ज्या शब्दांत येतात साधारण त्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल तर २ आणि ३ वाचा, मग तुमच्या फाइलच्या प्रकारानुसार पुढे जा.

१. डिकंपायलर म्हणजे काय? डिसअसेंबलर आणि तो एकच ना?

एक नाहीत. डिसअसेंबलर प्रोसेसरच्या आज्ञा फक्त वाचता येतील अशा मांडतो: हा आकडा या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) ठेव, त्यात तो मिळव, शून्य आलं तर अमुक पत्त्यावर उडी मार. डिकंपायलर त्याच्या पुढे जातो. उड्यांच्या जाळ्यातून इफ आणि व्हाइल ओळखतो, रजिस्टरांच्या उलाढालीतून व्हेरिएबल उभी करतो आणि सी, जावा किंवा सी शार्पसारखं दिसणारं काहीतरी हातात देतो.

कल्पना जुनी आहे. १९६० साली अमेरिकी नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत डी-नेलिॲक नावाचा डिकंपायलर तयार झाला होता. आजच्या बऱ्याच पद्धतींची शिस्तशीर मांडणी क्रिस्टिना सिफुएंतेस यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या १९९४ च्या पीएचडी प्रबंधात सापडते.

२. माझा मूळ कोड जसाच्या तसा परत मिळेल का?

नाही. तुमच्या प्रोग्रामसारखा वागणारा कोड मिळेल, तुम्ही लिहिलेला नाही. प्रोग्राम चालायला जे लागतं ते फाइलमध्ये राहतं, माणसाला वाचायला जे होतं त्यातलं बरंचसं जातं. कॉमेंट, म्हणजे कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपा, तर कंपायलर (कोडची एक्झी करणारा प्रोग्राम) अगदी सुरुवातीलाच टाकून देतो. त्या कुठलंही टूल परत आणत नाही, विकत घेतलेलंही नाही.

नावांचं काय होतं ते भाषेवर अवलंबून आहे (४ ते ८ पाहा). स्थिरांकांचं दुखणं मात्र जवळपास सगळीकडे सारखं आहे. तुम्ही करदराला छान नाव देऊन एकाच जागी १८ लिहिलं असेल, तर परत येतो तो नुसता १८, जिथे जिथे वापरला तिथे तिथे विखुरलेला. त्यातला कुठला १८ कराचा आणि कुठला वयाच्या अटीचा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

म्हणून डिकंपायलर उतरवण्याआधी एक दिवस शोधाशोधीत घाला. जुना लॅपटॉप, बॅकअपच्या सीडी, मेलला जोडलेल्या झिप फाइली, गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी कॉपी केलेलं फोल्डर. आणि ज्यानं तो कोड लिहिला त्याला फोन. दोन वर्षांपूर्वीचा मूळ कोड सापडला तरी तो आजच्या एक्झीतून काढलेल्या कोडपेक्षा बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतो, कारण मग डिकंपाइल करून फक्त मधल्या काळातला फरक शोधायचा उरतो.

३. प्रोग्राम कशात लिहिलाय हेच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

'डिटेक्ट इट ईझी' हे फुकट टूल घ्या आणि फाइल त्यावर सोडा. कंपायलर कोणता, डॉट नेट आहे का, व्हीबी आहे का, वर पॅकर (प्रोग्राम दाबून ठेवणारं आवरण, १३ पाहा) चढवलाय का, हे ते बहुतेक वेळा सांगतं. टूलशिवायही काही खुणा दिसतात. एक्झी चालायला एमएसव्हीबीव्हीएम६० ही डीएलएल (सोबत लागणारी लायब्ररी फाइल) मागत असेल तर व्हिज्युअल बेसिक ६. शेजारी पायथनच्या नावाची डीएलएल असेल तर पायथन.

ही पायरी गाळू नका. एक्झी हे फक्त पाकीट आहे. आत सी शार्प असेल तर काम संध्याकाळपर्यंत होईल, सी++ असेल तर काही महिने जातील.

४. जावाची जार फाइल आहे. कितपत आशा ठेवू?

भरपूर. जावाचा बाइटकोड (प्रोसेसरऐवजी जावाच्या यंत्रणेसाठीच्या आज्ञा) वर्ग, पद्धती आणि फील्ड यांची नावं सोबत बाळगतो, कारण जोडणीच नावांनी होते. लोकल व्हेरिएबलची नावं डीबग माहितीत असतात. मेव्हन या बिल्ड टूलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये ती सहसा मिळतात, हातानं साधा जावासी (जावाचा कंपायलर) चालवला असेल तर नाहीत.

सीएफआर, प्रोसायॉन आणि फर्नफ्लॉवर ही नेहमीची मंडळी. फर्नफ्लॉवर इंटेलिजे आयडियात आधीच बसवलेला असतो, त्यामुळे क्लास फाइल उघडली की कोड समोर. त्याचाच पुढे वाढवलेला अवतार व्हाइनफ्लॉवर. एखादी पद्धत एकाला जमली नाही की हताश होऊ नका, तीच दुसऱ्याला द्या. तिघांनीही हात टेकले तर जेडीकेतला जावापी बाइटकोड दाखवतो आणि तो सरावानं वाचता येतो.

५. सी शार्प किंवा व्हीबी डॉट नेटचं काय?

सगळ्यात सोपा प्रकार. आयएलस्पाय हा डिकंपायलर उघडा, एक्झी किंवा डीएलएल त्यात टाका, 'सेव्ह कोड' म्हणा, पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर तयार होतं. वर्ग, पद्धती, पॅरामीटर सगळ्यांची नावं मेटाडेटात असतात. शेजारी पीडीबी (डीबग माहितीची) फाइल सापडली तर लोकल व्हेरिएबलचीही मिळतात, म्हणून ती आधी शोधा. असिंक-अवेटचा कंपायलरनं केलेला गुंता आयएलस्पाय बहुतेक वेळा पुन्हा सरळ करून देतो. व्हीबी डॉट नेटचा प्रोग्राम मात्र सी शार्पमध्ये परत येतो. त्याला इलाज आहे, पण आता सी शार्पमध्येच राहा असंच मी सांगेन.

आयएलस्पायचा जन्मही गमतीदार आहे. डॉट नेट रिफ्लेक्टर हे तेव्हाचं सर्वांचं लाडकं फुकट टूल २०११ मध्ये विकतचं होणार असं जाहीर झालं, आणि त्यावरच्या नाराजीतून हे उभं राहिलं. जेटब्रेन्सचं डॉटपीकही फुकट आहे. डीएनस्पाय हे असंच टूल वापरायचं असेल तर मूळ प्रकल्प २०२० च्या डिसेंबरपासून बंद आहे, डीएनस्पायईएक्स घ्या.

अपवाद: 'नेटिव्ह एओटी' पद्धतीनं बांधलेला प्रोग्राम. तो थेट यंत्रभाषेत (प्रोसेसरच्या आज्ञांत) गेलेला असतो, त्यामुळे त्याला ८ लागू.

६. आमच्या पतसंस्थेचा प्रोग्राम व्हीबी ६ मध्ये आहे (किंवा फॉक्सप्रोमध्ये), लिहिणारा आता सापडत नाही. काही होईल?

पतसंस्था, दूध डेअरी, शाळेचं फी रजिस्टर, अडत दुकान. हा प्रश्न अशाच ठिकाणांहून येतो, आणि दोन्ही भाषांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

फॉक्सप्रो असेल तर नशीबवान आहात. फॉक्सप्रो यंत्रभाषेत कधी उतरतच नाही. एक्झीच्या आत त्याचा पी-कोड (बाइटकोडसारख्या मधल्या आज्ञा) असतो आणि व्हेरिएबलची नावंही टिकतात. रीफॉक्स हे विकतचं टूल याच कामासाठी आहे. प्रोग्राम, फॉर्म, रिपोर्ट बाहेर येतात, कॉमेंट अर्थातच नाहीत. गोम एवढीच की हेच रीफॉक्स एक्झीला कुलूप घालायलाही वापरतात, आणि लिहिणाऱ्यानं ते घातलं असेल तर वाट अवघड होते.

व्हीबी ६ चं उत्तर एका खुणेवर अडतं. कंपाइल करताना 'पी-कोड' निवडला होता की 'नेटिव्ह कोड' (यंत्रभाषा)? पी-कोड असेल तर व्हीबी डिकंपायलर नावाचं टूल बराचसा कोड वाचनीय रूपात देतं. आपोआप निवडलेला पर्याय मात्र नेटिव्ह असतो, म्हणून बहुतेक एक्झी तशाच असतात. तेव्हा फॉर्म पूर्ण मिळतात: बटणं, मजकूर, मेनू, कंट्रोलची नावं, कोणत्या बटणामागे कोणती प्रक्रिया आहे ते. प्रक्रियेच्या आतला भाग असेंब्लीच्या (डिसअसेंबलर देतो तशा कच्च्या आज्ञांच्या) आसपासच राहतो. एसक्यूएल क्वेऱ्या (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) मात्र मजकूर म्हणून फाइलमध्ये जशाच्या तशा पडलेल्या असतात. हिशेबाच्या प्रोग्रामचा निम्मा जीव त्या क्वेऱ्यांतच असतो, त्यामुळे फॉर्म आणि क्वेऱ्या समोर ठेवून नवीन प्रोग्राम लिहिणं हे नेटिव्ह व्हीबी उलगडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि खरी गरज फक्त जुन्या नोंदींची असेल तर थेट १९ वाचा.

७. पायथनचा कोड पायइन्स्टॉलरनं एक्झी केला होता. पीवाय फाइली गेल्या.

पायइन्स्टॉलर कंपाइल करत नाही, बांधाबांध करतो. 'पायइन्स्टएक्स्ट्रॅक्टर' ही स्क्रिप्ट ते गाठोडं सोडून पीवायसी (बाइटकोडच्या) फाइली बाहेर काढते. एक्झी ज्या पायथनवर बांधली त्याच आवृत्तीवर ती चालवा, नाहीतर काही फाइली उघडत नाहीत.

पुढची पायरी आवृत्तीवर ठरते. ३.८ पर्यंत अनकंपाइल६ आणि डिकंपाइल३ चांगलं काम करतात, लोकल व्हेरिएबलची नावंही येतात आणि डॉकस्ट्रिंगसुद्धा. त्यापुढे वाट खडबडीत होते, कारण पायथनचा बाइटकोड जवळपास प्रत्येक आवृत्तीत बदलतो. ३.११ मध्ये तर ट्राय-एक्सेप्ट मांडायची पद्धतच पालटली. नव्या आवृत्त्यांसाठी पीवायसीडीसी वापरून पाहा. ते कधी कधी मध्येच थांबतं. मशीन लर्निंगवर बेतलेलं पायलिंग्वलही आहे, ते ऑनलाइन असल्यामुळे आधी १४ वाचा.

न्युइट्का या दुसऱ्या टूलनं बांधलं असेल तर हे काहीच लागू नाही. तो पायथनचं सी करून खरोखर कंपाइल करतो.

८. सी किंवा सी++ चा प्रोग्राम आहे. घिड्रा घेऊ की आयडा?

पैसे द्यायचे नसतील तर घिड्रा. वर्षभर हेच काम करणार असाल आणि कंपनी पैसे भरणार असेल तर आयडा. आयडा इल्फाक गिल्फानोव्ह यांनी १९९० च्या सुमारास सुरू केलं, आणि त्यांच्या हेक्स-रेज कंपनीचा डिकंपायलर २००७ पासून या धंद्यातलं मोजमाप मानला जातो. बायनरी निंजा, कटर आणि अवास्टनं २०१७ मध्ये खुलं केलेलं रेटडेक हीसुद्धा आहेत, पण शिकायला बसलेल्यानं एकच धरावं.

टूल कुठलंही घ्या, नावं गेलेली असतील. घिड्रात फंक्शनचं नाव म्हणजे 'फन' आणि पुढे पत्ता, पॅरामीटर म्हणजे पॅरम १, पॅरम २. हजारो फंक्शनांचा असा ढीग पाहून बरेच जण तिथेच टूल बंद करतात. पहिल्या फंक्शनपासून वाचायला कधीच बसू नका. आधी मजकुरांची यादी उघडा. स्क्रीनवर दिसणारं एखादं वाक्य शोधा, समजा 'शिल्लक अपुरी आहे' असा निरोप. त्याचा वापर कुठून होतो ते पाहा, त्या फंक्शनमध्ये जा. आता तुम्हाला त्या फंक्शनचं काम माहीत आहे, त्याला नाव द्या (घिड्रात एल ही कळ). मग त्याला कोण बोलावतं, ते कुणाला बोलावतं. असं पाच-सहा ठिकाणांहून आत शिरलं की मधला भाग आपोआप उलगडायला लागतो.

दुसरी गोष्ट, त्या ढिगातली कितीतरी फंक्शनं तुमची नसतातच, ती कंपायलरच्या लायब्ररीतली असतात. आयडाची फ्लर्ट आणि घिड्राची फंक्शन आयडी ही सोय ती ओळखून बाजूला काढते. सी++ मध्ये आरटीटीआय (चालताना प्रकार ओळखण्यासाठी ठेवलेली माहिती) शिल्लक असेल तर वर्गांची नावं मिळतात, तेवढा दिलासा. गो भाषेचे प्रोग्राम सुखद अपवाद आहेत: सिंबल (नावांची नोंद) काढून टाकले तरी फंक्शनांची नावं एका अंतर्गत तक्त्यात उरतात आणि ती परत बसवता येतात.

९. घिड्रा अमेरिकेच्या एनएसएनं बनवलंय म्हणे. आपल्या मशीनवर टाकायचं का?

हो, एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचंच आहे. नाव पहिल्यांदा बाहेर आलं २०१७ मध्ये विकिलीक्सच्या 'व्हॉल्ट ७' कागदपत्रांतून, आणि मार्च २०१९ मध्ये एनएसएनं आरएसए परिषदेत ते अधिकृतपणे खुलं केलं. सगळा कोड अपाचे परवान्याखाली उपलब्ध आहे. ज्यांचा धंदाच दुसऱ्याच्या प्रोग्राममधली भोकं शोधणं आहे अशा जगभरच्या लोकांनी तो पहिल्या दिवसापासून तपासला. डीबग मोडमध्ये एक पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडा राहतो हे त्यांना लगेच सापडलं आणि दुरुस्तही झालं. अधिकृत गिटहबवरूनच उतरवा. धोका टूलपेक्षा तुम्ही त्यात उघडत असलेल्या अनोळखी एक्झीचा जास्त असतो, ती व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवा.

१०. साध्या हिशेबाच्या जागी ३४३५९७३८३७ ने गुणाकार दिसतोय. व्हायरस आहे का?

नाही, तो १० ने भागाकार आहे! प्रोसेसरला भागाकार महाग पडतो, म्हणून कंपायलर ३२ बिटांच्या संख्येला ३४३५९७३८३७ ने गुणून उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवतो. उत्तर तंतोतंत तेच येतं. चांगले डिकंपायलर हे ओळखून पुन्हा भागाकार लिहितात, काही वेळा चुकतात. अशा करामती जितक्या जास्त, तितका परत आलेला कोड मूळ कोडपासून लांब. लहान फंक्शनं मोठ्यात विरघळवलेली असतात, लूप उलगडून तेच काम चारदा लिहिलेलं असतं. ते पाहून मूळ लिहिणाऱ्याला नावं ठेवू नका.

११. आमचं अँड्रॉइड ॲप प्लेस्टोअरवर आहे, पण सोर्स गेला. एपीकेमधून काढता येईल?

कोटलिन किंवा जावात लिहिलेलं असेल तर जेएडीएक्स उघडा, जावासारखा कोड दिसेल. कोटलिन कोटलिन म्हणून परत येत नाही. चित्रं, लेआउट आणि मॅनिफेस्ट एपीकेटूल नीट काढून देतं. आर८ या बिल्डमधल्या टूलनं नावं आखडून ए, बी, सी केली असतील तर जुन्या बिल्डची मॅपिंग (मूळ आणि आखडलेली नावं जुळवणारी) फाइल शोधा. ती प्लेकन्सोलवर चढवलेली असू शकते. ती नसेल तर ती नावं गेली, १३ पाहा.

सोर्सइतकीच महत्त्वाची असते सही करायची किल्ली, आणि ती एपीकेतून निघत नाही. 'प्ले ॲप सायनिंग' चालू असेल तर अपलोडची किल्ली बदलून मागता येते. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना ते सक्तीचंच आहे. त्याआधीचं ॲप असेल, सोय घेतलेली नसेल आणि किल्लीही हरवली असेल, तर सोर्स मिळूनही त्याच ॲपचं अपडेट देता येणार नाही. म्हणून ही चौकशी पहिल्या दिवशी करा.

१२. पण ॲप फ्लटरमध्ये आहे (किंवा युनिटी, रिॲक्ट नेटिव्हमध्ये).

मग जेएडीएक्समध्ये जे दिसतं ते फक्त टरफल. फ्लटरचा डार्ट कोड यंत्रभाषेत 'लिबॲप' नावाच्या फाइलमध्ये असतो. ब्लटरसारखी टूलं त्यातून वर्ग आणि फंक्शनांची नावं काढतात, आतलं असेंब्लीच राहतं. युनिटीत आयएल२सीपीपी (सी शार्पचं सी++ करण्याची सोय) वापरलं असेल तर आयएल२सीपीपीडंपर पद्धतींचे सांगाडे देतो, आतला कोड नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये जुनी पद्धत असेल तर दाबून बसवलेली जावास्क्रिप्ट मिळते आणि ती वाचण्यालायक करता येते. हर्मीस हे जावास्क्रिप्ट इंजिन असेल तर त्याचा वेगळा बाइटकोड, त्याला वेगळा डिकंपायलर.

१३. कोडमध्ये सगळीकडे नुसतं ए, बी, सी आहे, किंवा टूल म्हणतंय फाइल पॅक केलेली आहे. हे उलटवता येतं?

दोन वेगळी कुलपं आहेत. पॅकर प्रोग्राम दाबून ठेवतो आणि चालताना स्वतःच उघडतो. यूपीएक्स असेल तर यूपीएक्सलाच उलटी आज्ञा दिली की काम झालं. व्हीएमप्रोटेक्ट किंवा थेमिडा मात्र कोडचे तुकडे स्वतःच्या खासगी आज्ञांमध्ये बदलतात. तिथे महिने जातात, आणि तुमचा स्वतःचा प्रोग्राम असेल तर तो नव्यानं लिहिणं परवडतं.

नावं पुसणं हे दुसरं. पुसलेलं नाव फाइलमध्ये नसतंच, त्यामुळे कुठलंही टूल ते परत आणू शकत नाही. कोडचं वागणं पाहून नवीन नाव देता येतं, बस.

१४. ऑनलाइन डिकंपायलरवर फाइल चढवली तर चालेल?

गंमत म्हणून, शिकण्यासाठी, जरूर. डॉगबोल्ट या साइटवर तर एकच फाइल एकाच वेळी अनेक डिकंपायलरांतून पाहता येते आणि कोण कुठे चुकतो ते छान कळतं. पण चढवलेली फाइल इतरांनाही दिसू शकते. आत डेटाबेसचा पासवर्ड किंवा गिऱ्हाइकाची माहिती असेल, आणि जुन्या ऑफिस प्रोग्रामांत ती हमखास असते, तर घरच्याच मशीनवर काम करा.

१५. आता एआयला दिलं की झालं ना?

नावं सुचवायला, एखाद्या फंक्शनचं काम मराठीत समजावून घ्यायला झकास. घिड्रातून आलेला कोड द्या, 'हे काय करतंय' विचारा, अर्धं काम हलकं होतं. अडचण अशी की उत्तर नेहमी ऐटीत येतं. ओळखीचा साचा दिसला की मॉडेल तो पूर्ण करून टाकतं, तुमच्या कोडमध्ये त्यातली एक पायरी वेगळी असली तरी. व्याजाच्या हिशेबात ती एक पायरीच महत्त्वाची असते. म्हणून नाव घ्या, स्पष्टीकरण घ्या, पण आकडेमोड मूळ एक्झी आणि नवीन कोड दोन्हीला तीच माहिती देऊन ताडून पाहा.

१६. परत मिळालेला कोड कंपाइलच होत नाही. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. जावा आणि डॉट नेटमध्ये थोड्या दुरुस्त्या करून होतो. सी मध्ये मिळतो तो वाचण्यासाठीचा कोड, कंपाइल करण्यासाठीचा नव्हे. प्रकार अंदाजानं लावलेले असतात आणि कोड कुठे संपून डेटा कुठे सुरू होतो हे प्रत्येक फाइलसाठी यंत्रानं बिनचूक ठरवणं तत्त्वतःच शक्य नाही.

पुन्हा कंपाइल केल्यावर बाइट न् बाइट तीच फाइल निघेल असा सी कोड लिहून काढता येतो, पण तो हातानं. निन्टेंडोच्या सुपर मारिओ ६४ या खेळाचा असा कोड चाहत्यांनी २०१९ मध्ये पूर्णत्वाला नेला. तिथे एक गोष्ट पथ्यावर पडली: अमेरिकी आवृत्ती ऑप्टिमायझेशन न लावता कंपाइल झालेली होती, म्हणजे १० मधल्या करामती आड आल्या नाहीत. तरीही त्याच काळातला कंपायलर लागला आणि अनेकांचे कष्ट.

१७. हे कायद्यात बसतं का?

स्वतःचा कोड असेल तर प्रश्नच नाही. दुसऱ्याचा असेल तर भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ पाहावं लागतं. प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला, स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला आवश्यक ती कृती करता येते, पण ती माहिती इतर मार्गानं सहज मिळत नसेल तरच. प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करायलाही त्याच कलमात जागा आहे. काढलेला कोड रंगरंगोटी करून विकायला नाही. युरोपीय न्यायालयानं २०२१ मध्ये 'टॉप सिस्टीम' खटल्यात चुका दुरुस्त करण्यासाठी डिकंपाइल करायला मोकळीक दिली, पण तो निकाल युरोपापुरता. परवान्याच्या करारात 'रिव्हर्स इंजिनिअरिंग करणार नाही' असं लिहून दिलं असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

१८. प्रोग्रामचे पैसे आम्ही दिलेत, मग कोड आमचाच ना?

इथे बहुतेकांना धक्का बसतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा. बाहेरच्या माणसाकडून किंवा कंपनीकडून करून घेतला असेल, तर लेखी हस्तांतर नसल्यास कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, बिल तुम्ही चुकतं केलं असलं तरी. हस्तांतर झालं असेल पण कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. जुनी ऑर्डर आणि करार काढून वाचा, मग डिकंपायलर.

१९. डोंगल (प्रोग्राम उघडायला मशीनला लावायची किल्ली) हरवलंय, प्रोग्राम उघडत नाही. तपासणीचा तेवढा भाग काढून द्याल?

नाही, हे काम मी घेत नाही. विक्रेता हयात असेल तर त्याच्याकडून नवीन डोंगल मागा. पण बऱ्याचदा थोडं बोलल्यावर कळतं की प्रोग्राम नको असतो, आतल्या नोंदी हव्या असतात, आणि त्या एक्झीत नसतातच. फॉक्सप्रो, क्लिपर यांच्या नोंदी शेजारच्या डीबीएफ (नोंदींच्या तक्त्याच्या) फाइलींमध्ये असतात. फोल्डरची आधी प्रत काढा, मग ती फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. मोठं काम असेल तर पायथनची डीबीएफरीड लायब्ररी घ्या. काढून टाकलेल्या नोंदी डीबीएफमध्ये 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत तशाच पडून असतात, त्या ती वेगळ्या दाखवते. नाहीतर बंद झालेली खाती पुन्हा बेरजेत येतात.

नावांच्या रकान्यात अगम्य अक्षरं दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. मजकूर युनिकोडपूर्व काळातला आहे. डॉसवर सीडॅकच्या जिस्ट कार्डानं भरलेला असेल तर तो इस्की या प्रमाणित संकेतात असतो आणि एका पद्धतीनं सगळा युनिकोडमध्ये जातो. विंडोजवर आयएसएम किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असेल तर प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा. तेव्हा आधी त्या जुन्या मशीनवर नेमका कोणता फॉन्ट होता ते नाव लिहून घ्या, आणि मशीन भंगारात द्यायच्या आधी फॉन्टची फाइलही कॉपी करून ठेवा.